डाएट सोडलं तर फुगत जाईन का, आणि स्वतःबद्दल बरं कधी वाटेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, नोकरी, घर, एक मुलगी. कॉलेजपासून काही ना काही चालूच आहे. आधी सात दिवसांचं जीएम डाएट, मग कीटो, मग दोनदाच जेवणं, शेवटी जिमने दिलेला १२०० कॅलरींचा तक्ता. दर वेळी सहा-सात किलो उतरतात आणि वर्षभरात आठ-नऊ परत येतात. लग्नकार्यं टाळते, फोटोत मागे उभी राहते. नऊ वर्षांची मुलगी परवा ताटावर म्हणाली, "मला भात नको, मी जाड होईन." डाएट सोडावंसं वाटतं, पण सोडलं तर फुगतच जाईन अशी भीती वाटते. आणि सोडून तरी स्वतःबद्दल बरं वाटतं का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. हो, बरं वाटतं. पण ते डाएट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी वाटत नाही. पहिले काही महिने उलट जास्त अस्वस्थ जातात, कारण "पुढच्या महिन्यात बारीक झाले की मग..." हा इतकी वर्षं पुरलेला आधार निघून जातो. वजनाचं म्हणाल, तर कुणाचं थोडं वाढून थांबतं, कुणाचं आहे तिथेच राहतं, कुणाचं थोडं उतरतं. तुमचं यातलं काय होईल हे मी आज सांगू शकत नाही, दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. "डाएट सोडा आणि बारीक व्हा" असं कुणी म्हणालं, तर ती व्यक्ती तुम्हाला पुढचं डाएटच विकते आहे असं समजा.

मी पुण्यात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. समोर बसलेली प्रत्येक बाई पहिल्या दहा मिनिटांत म्हणते, "माझ्यात चिकाटीच नाही." वीस वर्षं स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या माणसात चिकाटी नाही, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. म्हणून पहिल्या भेटीत मी आहाराबद्दल फार बोलत नाही, एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण घेतले. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेली ही मुलं स्वखुशीने आली होती. महायुद्ध संपत आलं होतं आणि उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं. त्यासाठी या मुलांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं दोन वेळचं जेवण, दिवसाला सरासरी १६०० कॅलरींच्या आसपास. तुमच्या जिमचा तक्ता १२०० चा होता, हे इथे लक्षात घ्या.

मुलांचं वजन जवळपास चौथा हिस्सा उतरलं, हे अपेक्षितच होतं. बाकी जे झालं त्याची कुणी कल्पना केली नव्हती. पूर्वी स्वयंपाकघरात पायही न ठेवलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताटल्या चाटू लागली. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. चिडचिड, रडू, थंडी वाजणं, माणसं नकोशी होणं. जेवण पुन्हा वाढवल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भूक आहे म्हणत. आणि तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची गोष्ट अशी, की वजन परत येऊ लागल्यावर त्यांतल्या काहींना आपण जाड झालो असं वाटू लागलं. पोट सुटलंय, मागचा भाग वाढलाय अशा तक्रारी सुरू झाल्या. वर्षभरापूर्वी ज्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलंही नसेल, त्या मुलांच्या तोंडून. म्हणजे शरीराविषयीची ही कुरकुर उपासमारीतूनही जन्माला येते. मनाला ती आधीपासून जडलेली असावीच लागते असं नाही.

डाएट करणाऱ्या बाया जे "माझा ताबा सुटतो" म्हणतात, ते हेच आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात बादल्या, कळश्या, पातेली, अगदी लोट्यासुद्धा भरून ठेवतात, त्याला कुणी हावरटपणा म्हणत नाही. शरीर तेच करतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डाएट संपून वर्ष झालं तरी त्यांची भूक वाढवणारी संप्रेरकं (हॉर्मोन्स) चढलेली होती, पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली होती आणि भूक पहिल्यापेक्षा जास्त लागत होती. तुम्हाला वर्षभरात वजन परत आलं याची लाज वाटते. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

शरीराच्या जोडीला मन असतंच. १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांनी मात्र जास्त खाल्लं, कारण आजचा दिवस वाया गेलाच, मग आता काय! आपल्याकडे प्रयोगाविना हे ठाऊक होतं: एकादशी आणि दुप्पट खाशी. "सोमवारपासून सुरू" म्हटलं की रविवारचं जेवण कसं होतं, हे तुम्ही मला सांगायला नको.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. भूक लागेल तेव्हा खा, पोट भरलं की थांबा, हा सल्ला तुम्ही कुठेतरी वाचला असेल. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून तो आला आणि मुळात चांगला आहे. पण वीस वर्षं भूक दाबलेल्या बाईला पहिल्याच दिवशी "भुकेचं ऐका" म्हणणं मला अर्धवट वाटतं. तिला भूक ऐकूच येत नाही. एकतर काहीच कळत नाही, नाहीतर एकदम हातपाय कापेपर्यंत. म्हणून मी आधी घड्याळ लावते. सकाळी उठल्यापासून तासा-दीड तासात नाश्ता, दुपारी जेवण, पाचच्या सुमाराला काहीतरी, रात्री जेवण. मोजमाप नाही, वजनकाटा नाही, अ‍ॅप नाही. भूक असो-नसो, वेळ झाली की खायचं. चार-सहा आठवड्यांत बहुतेकांची भूक वेळेवर यायला लागते, आणि मग घड्याळ बाजूला ठेवता येतं.

यात दोन जागा ठरलेल्या अवघड असतात. एक म्हणजे दुपारचा डबा. त्यात दोन फुलके आणि कोरडी भाजी असते, भात नाही, आमटी नाही, आणि साडेपाचला ऑफिसातून निघताना वडापावच्या गाडीसमोर पाय अडतात. मग अपराधीपणा, मग रात्री जेवायचं नाही, मग अकरा वाजता फ्रीजसमोर उभं राहून गार भात. हे सगळं दुपारच्या डब्यात सुरू झालेलं असतं. डब्यात पोळ्या पोटभर न्या, उसळ किंवा घट्ट वरण न्या, दही न्या, वाटेल तर भात न्या. पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ, केळं, उकडलेलं अंडं, काल उरलेले पोहे, काहीही चालेल. वडापावही चालेल, फक्त तो बसून खा, आणि पोट अगदी रिकामं नसताना खा. तेव्हा त्याची चव वेगळीच लागते, हे करून बघा.

दुसरी जागा म्हणजे घरातलं रात्रीचं जेवण. सगळ्यांना वाढून झाल्यावर, ओट्यापाशी उभ्याने, उरलंसुरलं संपवत जेवणाऱ्या बाया मी रोज बघते. पातेलं खरवडून खाल्लेलं "जेवण" म्हणून मोजलं जात नाही आणि पोट भरल्याचं समाधानही देत नाही. ताट वाढून घ्या आणि सगळ्यांबरोबर बसा. सासूबाईंना विचित्र वाटलं तर वाटू दे. स्वतःची किंमत, आत्मसन्मान वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. माझ्या अनुभवात त्याची पहिली खूण ही असते, की बाई गरम पोळी स्वतःच्या ताटात घेते.

उपासांचं कुणी आपणहून काढत नाही, पण मी विचारते. संकष्टी, एकादशी, सोमवार, वर नवरात्राचे नऊ दिवस, आणि "तेवढंच वजनही उतरेल" हा आतला हिशोब. श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही. पण खाण्याशी ज्यांचं भांडण चालू आहे त्यांना मी वर्षभर उपास थांबवायला सांगते. त्याऐवजी दुसरा नेम घ्या: पोथी वाचा, त्या दिवशी फोन बंद ठेवा, कुणाला तरी जेवू घाला. दोन वेळ जेवण्याच्या पद्धतीबद्दलही हेच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे ती महाराष्ट्रात घराघरांत पोचली, आणि काहींची साखर त्याने आटोक्यात आलेली मी पाहिली आहे. पण मधल्या तासांत ज्यांच्या डोक्यात फक्त अन्न फिरतं आणि जेवायला बसल्यावर हात थांबत नाही, त्यांच्यासाठी ती पद्धत नाही. इतरांना लागू पडली म्हणजे तुमचं चुकलं असा त्याचा अर्थ होत नाही.

वर्ज्य पदार्थांकडे दोनेक महिन्यांनी या, आधी नको. एक पदार्थ निवडा. तुमच्या यादीत बहुधा भात, बटाटा, तूप, साखर, श्रीखंड असं काहीतरी असेल. भातापासून सुरुवात केलेली बरी, कारण तो रोज घरात असतो. रोज दुपारी किंवा रात्री वरणभात-तूप, वाटीने न मोजता. पहिल्या आठवड्यात तुम्ही नेहमीपेक्षा जास्त खाल. घाबरू नका, तेव्हाच सोडूनही देऊ नका. उद्याही मिळणार आहे याची शरीराला खात्री पटेपर्यंत ते तसंच वागतं. मग एखाद्या दिवशी ताटात दोन घास उरतात आणि तुमच्या लक्षातही येत नाही. मिठाईला हे जरा उशिरा साधतं, विशेषतः दिवाळीचे डबे घरात असताना. तेव्हा लपवून खाण्याऐवजी चकली-लाडू बशीत काढून चहाबरोबर सगळ्यांसमोर खा. लपवणं थांबलं की निम्मी लाज तिथेच ओसरते.

वजनकाटा माळ्यावर टाका. रोज सकाळी तो आकडा तुमचा दिवस ठरवत असला, तरी तो तब्येतीचं काहीच सांगत नाही. पाणी, मीठ, पाळी यांनीच एक-दीड किलो इकडेतिकडे होतं.

आता आरशाकडे वळू. इथे माझं मत जरा वेगळं आहे. "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" असं आजकाल सगळीकडे ऐकू येतं. ज्या बाईने वीस वर्षं स्वतःचे दंड बाहीत झाकले, तिला दंडांवर प्रेम करायला सांगणं म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक परीक्षा लादणं आहे, आणि ती त्यातही नापासच होणार. मी एवढंच मागते, की शरीर आवडलं नाही तरी त्याला नीट वागवा. बसणारे कपडे, पुरेशी झोप, वेळेवर जेवण, दुखलं तर डॉक्टर. आवडणं पुढे कधी आलं तर आलं, नाही आलं तरी आयुष्य अडत नाही.

कपड्यांपासून सुरू करा, कारण त्यात लगेच फरक पडतो. कपाटात "बारीक झाल्यावर घालायचे" म्हणून ठेवलेले ड्रेस असतील ते काढून टाका. रोज कपाट उघडल्यावर ते तुम्हाला टोमणा मारतात. घट्ट ब्लाउज उसवून घ्या, आणि नवीन शिवताना शिंप्याला भरपूर माया ठेवायला सांगा. काखेत रुतणाऱ्या ब्लाउजमध्ये चार तास लग्नात काढणारी बाई चार तास फक्त स्वतःच्या दंडाचाच विचार करते. मग ती लग्नं टाळते, आणि तिला वाटतं कारण वजन आहे.

मग तपासण्या मोजा. रक्ताच्या नव्हे, आरशातल्या. दिवसातून किती वेळा पोट आत ओढून बाजूने बघता, मनगटाला बोटांची पकड लावता, लिफ्टच्या काचेत हनुवटी तपासता, बसल्यावर पोटावर उशी घेता? दर वेळी एक क्षण हायसं वाटतं आणि काळजी दुपटीने परत येते. यातली एक सवय निवडून आठवडाभर सोडा. दुसऱ्या बाजूने, टाळलेल्या गोष्टींची यादी करा आणि सगळ्यात सोप्या गोष्टीपासून करायला लागा: मैत्रिणीबरोबर फोटो, बिनबाह्यांचा कुर्ता घालून भाजी आणणं, लेकीबरोबर पोहायला जाणं. वजन न बदलता या गोष्टी करता येतात हे अनुभवाने कळलं, की स्वतःबद्दलचं मत बदलतं. नुसत्या विचाराने ते बदललेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

फोनमधली, बारीक शरीरं दाखवणारी सोशल मीडियाची खाती आवरा. फिजीमधल्या एका अभ्यासाचं उदाहरण देते. तिथे भरलेलं शरीर सुदृढ मानत. नद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा विचारलं असता वजन कमी करण्यासाठी उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी सापडली नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११ टक्क्यांच्या वर होत्या. टीव्ही आल्यापासून तीन वर्षांत. तुमच्या हातातली स्क्रीन दिवसभर चालू असते.

नातेवाइकांचं काय? "किती सुटलीस गं!" म्हणणारी आत्या, मावशी प्रत्येक घरात असते. तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, तिच्या मते ती काळजीच करत असते. एक वाक्य ठरवून ठेवा आणि तेच म्हणत राहा: "मावशी, वजनाचं बोलणं मी बंद केलंय, तुमच्या गुडघ्याचं सांगा." पुन्हा विषय निघाला तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उठून पाणी आणायला जा. नवऱ्याला मात्र नीट बसवून सांगा, की "हे खाऊ का?" असं मी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही.

आता तब्येत. डाएट सोडणं म्हणजे तब्येत सोडणं नाही, आणि आपण भारतीयांनी हे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी असू शकते आणि मधुमेह होऊ शकतो, म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली गेली. यातून काही जण "बघा, अजून बारीक व्हायला हवं" असा अर्थ काढतात. मी काढते तो असा, की बाहेरून दिसणाऱ्या जाडीवरून आतलं कळत नाही, तेव्हा आतलं तपासा. वर्षातून एकदा रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन, आणि शाकाहारी असाल तर बी१२. वजन न बोलता तपासणारा डॉक्टर मिळाला तर उत्तम. नाहीतर काट्यावर पाठमोरं उभं राहून "आकडा मला सांगू नका" असं म्हणता येतं.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी करा. किती कॅलरी जळाल्या ते बघू नका. साखर, रक्तदाब, झोप यांना याचा फायदा वजन तसूभर न हलताही होतो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळे विचारतात. २०२५ पासून ती भारतात सहज मिळू लागली आहेत. ज्यांना वैद्यकीय कारण आहे त्यांना ती उपयोगी पडतात. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे. तेव्हा स्वतःची लाज घालवायला म्हणून ती घेऊ नका. ते काम त्या औषधाचं नाही.

लेकीचं सगळ्यात महत्त्वाचं. तिला "तू जाड नाहीस" म्हणू नका. त्यातून जाड असणं वाईटच, एवढंच ती शिकेल. "भात खाल्ला की खेळायला ताकद येते, हवा तेवढा घे" एवढं पुरे. लिआन बर्च या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की समोर दिसत असूनही मनाई केलेल्या खाऊकडे मुलांचं लक्ष आणखी ओढलं जातं. तेव्हा "हे तुझ्यासाठी नाही" घरात नको. आणि तुम्ही तिच्यासमोर, तिच्याइतकाच भात वाढून घेऊन जेवा. तिचं "मी जाड होईन" कुठून आलं हे तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल स्वतःला फटके मारू नका, तुमच्याकडेही ते कुणाकडून तरीच आलं होतं.

हे सगळं एकटीने करू नये अशी काही माणसं असतात. जेवल्यावर ओकारी काढत असाल, रेचकं घेत असाल, पाळी तीन महिने आली नसेल, चक्कर येत असेल, केस मुठीने गळत असतील, किंवा कमी वेळात खूप खाऊन ताबा सुटण्याचे प्रसंग दर आठवड्याला येत असतील, तर आधी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, मग आहारतज्ज्ञ. या आजारांत वजन "नॉर्मल" असू शकतं, म्हणून घरच्यांचं "तुला काय झालंय, चांगली तर दिसतेस" ऐकून थांबू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधाचा डोस त्याला जुळवून घ्यावा लागतो. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा त्रास) असेल तरी वेळेवर जेवण हाच पाया आहे, कितीही जणांनी "आधी दहा किलो उतरवा" म्हटलं तरी. आणि रात्री फारच वाईट वाटलं, जगणं नको वाटलं, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, विनामूल्य चालू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.